भाड्याच्या गाडीने जैसलमेर

नंबरप्लेट : स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देऊ केली, तर ती घेऊ नये.

जवळपास (अर्धा दिवस) : भाटी राजपुतांची जुनी राजधानी लोद्रवा, पालीवालांनी सोडलेलं कुलधरा आणि बाडमेर रस्त्यावरचं आकल जीवाश्म उद्यान. आकलला जुरासिक काळातले, दगड झालेले वृक्षांचे ओंडके उघड्या माळावर पडलेले दिसतात.

पश्चिमेला : समच्या वाळूच्या टेकड्या सुमारे ४० किमी. वाटेत राष्ट्रीय मरू उद्यानाचा परिसर लागतो. सोलापूरच्या नान्नजमुळे आपल्या ओळखीचा झालेला माळढोक इथे अजून तग धरून आहे. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा.

उत्तरेला (पूर्ण दिवस) : रामगडमार्गे तनोट सुमारे १२० किमी. तिथल्या देवीच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. डिसेंबर १९७१ च्या लढाईचं लोंगेवालाही याच फेरीत होतं. ओळखपत्र जवळ असू द्या.

निघण्यापूर्वी : टाकी गावातच फुल्ल करा. स्टेपनीतली हवा तपासा, जॅक-पाना आहे ना ते पाहा. माणशी चार-पाच लिटर पाणी घ्या. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, सीमेकडे रेंज जाते.

सांभाळा : वाऱ्याने रस्त्यावर वाळूचे पट्टे येतात, तिथे वेग कमी करा, करकचून ब्रेक मारू नका. अंधारात उंट आणि गुरं रस्त्यावर येतात. दिवेलागणीच्या आत मुक्कामी परता.