दोन धातू, एक मशीन आणि उंबरमाळीचा वीकेण्ड

तुमचे मित्र वीकेण्डला काय करतात? मॉल, मल्टिप्लेक्स, फार तर फार माथेरान. माझा एक मित्र शुक्रवारी रात्री पवईतल्या ऑफिसात लॅपटॉप बंद करतो, कसारा लोकल पकडतो आणि खर्डीनंतरच्या स्टेशनावर, म्हणजे उंबरमाळीला उतरतो. तिथे आजोळच्या घरामागे त्याने पत्र्याची शेड टाकलीय. पुढचे दोन दिवस तो वेल्डिंग करतो. हो, चक्क वेल्डिंग! त्यातून मिळणारा आनंद म्हणे कुठल्याही अप्रेझलमध्ये मिळत नाही.

पण सुरुवात झाली ती एका सॉलिड फजितीने. ‘छाप बिनधास्त, दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील,’ असं तो म्हणाला म्हणून लिहितेय.

त्याची कामाची यादी साधी होती. घराचं फाटक आणि पाण्याच्या टाकीचा स्टॅण्ड, हे लोखंडी. शिवाय कसारा घाटात बाइक आडवी झाली तेव्हा इंजिनाच्या कव्हरला गेलेली चीर. ते कव्हर ॲल्युमिनियमचं. दोन्हीला चालेल अशी एकच मशीन हवी होती. दुकानदार म्हणाला, ‘टिग घ्या साहेब, सगळ्यावर चालते.’ यानेही कार्ड स्वाइप केलं, ईएमआय चालू! फाटक झकास झालं. कव्हरावर मात्र काळपट गोळे जमले आणि मग मधोमध भोकच पडलं. शेजारच्या गावातल्या फॅब्रिकेशनवाल्या काकांनी मशीनवर एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘दादा, ही डीसी हाय. हिच्यावर ॲल्युमिनियम सात जनम चिकटनार नाय.’

हाच या सगळ्या खरेदीतला फंडा आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा एक अदृश्य थर कायम असतो आणि तो वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे आतलं पाणी झालं तरी वरची साल तशीच. त्यात हा धातू लोखंडासारखा लाल होऊन आधी इशाराही देत नाही, एकदम खाली बसतो. ही साल फोडायची तर करंटची दिशा उलटी हवी. पण दिशा कायम उलटी ठेवली तर सगळी उष्णता टंगस्टनच्या टोकावर येते आणि तेच वितळतं. म्हणून एसी! करंट सेकंदाला पन्नास-शंभर वेळा दिशा बदलतो, एका फेरीत साल निघते, दुसरीत धातू वितळतो. लोखंडाला ही भानगडच नाही, त्याला डीसी पुरतं. तेव्हा दोन्ही धातू हवे असतील तर मशीनवर नुसतं ‘टिग’ लिहिलेलं चालणार नाही, ‘एसी/डीसी’ लिहिलेलंच हवं. किंमत विचाराल तर साध्या आर्क मशीनच्या पाच-सहापट. इथेच लोक ढेपाळतात.

टिगचा जन्मही असाच गरजेतून झाला. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीतल्या रसेल मेरेडिथ यांना मॅग्नेशियमचे भाग जोडायचे होते. आज आपल्याकडे पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत आणि आपली लोकल स्टीलची. दारात लटकताना हा विचार तुम्ही कधी केला नसेल, मीही केला नव्हता.

मग मिग का नको? वायर आपोआप बाहेर येते, शिकायला सोपी, लोखंडावर तर सुसाट. पण ॲल्युमिनियमची वायर मऊ असते, लांब पाइपातून ढकलली की आतच गुंता होतो. त्यासाठी वेगळी स्पूल गन घ्या, गॅसही बदला, कारण लोखंडाला कार्बन डायऑक्साइड चालतो आणि ॲल्युमिनियमला शुद्ध आर्गॉनच लागतो. इतकं करूनही पातळ पत्र्यावर भोकं पाडायचा चान्स जास्त. ट्रॉलीच बनवायच्या असतील तर मिग घ्या. घरच्या शेडसाठी मी तरी घेणार नाही.

करंट आणि गॅस

मशीनपेक्षा जास्त टेन्शन विजेचं असतं. ढोबळ हिशेब असा की ॲल्युमिनियमच्या दर मिलिमीटर जाडीला चाळीसेक अँपिअर. चार मिलिमीटरला १६० झाले, म्हणून २०० अँपिअरची मशीन घरगुती कामाला पुरते. पण घरात सिंगल फेज, वायरिंग आजोबांच्या काळातलं. मित्राने पहिल्यांदा जाड रॉड लावला तेव्हा घरातले दिवे पिवळे पडले आणि मामीने आतून जी हाक मारली ती इथे छापता येणार नाही. गंमत म्हणजे तेवढ्याच अँपिअरला टिगच्या आर्कचं व्होल्टेज रॉडपेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळे मीटरवरचं ओझंही कमी. तरीही वायरमन बोलावून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग करून घ्याच. महावितरणकडून मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघा. ‘पीएफसी’ असलेली मशीन परवडली तर घ्या, ती कमी करंट खेचते आणि पडलेलं व्होल्टेज जास्त सोसते.

आर्गॉनचं गणित मित्राला उशिरा कळलं. मिनिटाला आठ-दहा लिटर गॅस जातो, म्हणजे दीड हजार लिटरचा छोटा सिलिंडर आर्कचे जेमतेम अडीच-तीन तास चालतो. तो संपला की लोकलमधून नेता येत नाही, टेम्पोच करावा लागतो. त्यामुळे मशीन ठरवण्याआधी गॅस कुठे भरून मिळतो ते विचारा. आणि वाऱ्यात टिग नाही! गॅस उडून जातो. मित्र बाहेरची लोखंडी कामं त्याच मशीनला रॉड लावून करतो, ती सोय बहुतेक टिग मशीनमध्ये असतेच.

पावसाळ्याचं वेगळंच. जुलै २०२१ मध्ये उंबरमाळी स्टेशनात पाणी प्लॅटफॉर्मला टेकलं होतं, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. मशीन फळीवर, रॉड हवाबंद डब्यात. ओल धरलेला रॉड नुसता थुंकतो.

हौस करायची म्हणून मी दोन सेकंद मास्कशिवाय आर्क बघितला. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री मात्र डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झालं आणि सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. आपोआप काळा होणारा मास्क, चामड्याचे हातमोजे आणि सुती फुल शर्ट घ्या. ऑफिसचा सिंथेटिक टी-शर्ट अजिबात नको.

शेवटी मित्राने डीसी मशीन तोट्यात विकली आणि एसी/डीसी घेतली. मी त्याला विचारलं, वर्षातून दोनदा कव्हर चिरतं, त्यासाठी इतके पैसे? माझं मत अजूनही हेच आहे की ॲल्युमिनियमचं काम क्वचित असेल तर साधी आर्क मशीन घ्या आणि कव्हर काकांसारख्या माणसाकडे द्या. तो म्हणाला, ‘बघ तरी.’ पडलेल्या भोकासह ते जुनं कव्हर त्याने आधी तापवून मुरलेलं ऑइल बाहेर काढलं, चीर घासून खोलगट केली, फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टीलचा ब्रश मारला. मग भुंग्यासारखा आवाज सुरू झाला. चिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा उमटला, मध्ये चकचकीत थेंब, त्यात फिलर, पुढचा थेंब. भोक बुजायला अर्धा तास गेला. रात्री बाइकखाली पेपर पसरून ठेवला, सकाळी तो कोरडा होता.

चहा होतोय तोवर शेजारच्या मावशी पदराखाली काहीतरी घेऊन दारात. ॲल्युमिनियमचं पातेलं, तळाला बारीक भोक.

‘हे होईल का रं बाबा?’

त्याने पातेलं उजेडात धरलं, पत्रा बोटाने दाबून बघितला आणि मशीनची कळ चाळीसवर आणली.