तळणीच्या तेलाचं डिझेल

दिवाळीचा फराळ झाला, की कढईत काळपट तेल उरतंच. टाकवत नाही, म्हणून आपण ते फोडणीला घालून संपवतो. पण तेल पुन्हा पुन्हा तापलं, की त्यात प्रकृतीला अपायकारक द्रव्यं साठत जातात. १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मर्यादाच घातली आहे: ही ध्रुवीय द्रव्यं २५ टक्क्यांवर गेली, की ते तेल खाण्यात वापरायचं नाही.

मग त्याचं करायचं काय? डिझेल!

आमच्या लोणी काळभोरला डिझेलचे मोठे डेपो आहेत. टँकरची वर्दळ नेहमीचीच. पण ते डिझेल खनिज तेलाचं. बायोडिझेल वनस्पती तेलापासून होतं. १०० किलो तेलाला साधारण १०-११ किलो मिथेनॉल लागतं. बायोडिझेल वर येतं, ग्लिसरिन खाली बसतं.

ही क्रिया घडवायला स्वस्तातला कॉस्टिक सोडा वापरतात. पण जुन्या तेलात, तसंच करंजाच्या तेलात मोकळी आम्लं फार. ती सोड्याला भेटली, की साबण होतो! घरी साबण केलेल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. मग त्या गिचक्यातून डिझेल वेगळं काढणं म्हणजे डोकेदुखीच.

यावरचा एक उपाय पुण्यातच निघाला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी, डॉ. डी. श्रीनिवास आणि सहकाऱ्यांनी लोखंड व जस्त असलेला घन उत्प्रेरक तयार केला. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. ही भुकटी तेलात विरघळत नाही. चहाचा चोथा गाळावा तशी गाळून घ्यायची आणि पुन्हा वापरायची. आम्लांचंसुद्धा ती बायोडिझेलच करते, साबण होऊ देत नाही. मात्र सुमारे १७० अंश उष्णता आणि बंद दाबपात्र लागतं.

म्हणून हा प्रयोग घरी मुळीच करू नये. मिथेनॉल चटकन पेट घेतं, आणि पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो.

आपलं काम सोपं आहे. तळणीला लहान कढई घ्यावी, लागेल तेवढंच तेल ओतावं. उरलेलं गार करून, गाळून, झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवावं. मोरीत ओतू नये, नळी तुंबते. कोणाही फेरीवाल्याला विकू नये. तेच तेल पुन्हा एखाद्या वडापावच्या कढईत जायचं, आणि तो वडा आपलीच मुलं खायची! १० ऑगस्ट २०१८ ला सरकारने वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना सुरू केली. एकटीचं तेल ते किती? पण महिला मंडळाने किंवा सोसायटीने मिळून डबा भरला, तर नोंदणी असलेल्या संकलकाला बोलावता येईल.