आधी आठवडा पाहा, मग कॅमेरा

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला फिरंगाईचं दर्शन घेऊन शेजारच्या वाडीतली एक मुलगी माझ्या स्टुडिओत आली. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे तिच्यापाशी होते. ‘दादा, मिररलेस घ्यायचाय. फोटो निघाले पाहिजेत आणि व्हिडिओही. कोणता घेऊ?’

मी नाव सांगितलं नाही. वही पुढे केली. ‘मागच्या महिन्यात मोबाइलवर काय काय शूट केलंस, कुठे आणि किती वाजता, तेवढं लिहून आण.’

कुरकुंभात वीस वर्षं हा धंदा करताना माझी एक खात्री झाली आहे. कॅमेऱ्यांची तुलना कितीही केली तरी उत्तर तिथे सापडत नाही, ते आपल्या आठवड्यात असतं. माझ्या आठवड्यात लग्नं असतात, मार्चमध्ये एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सुरक्षा सप्ताह असतो, थंडीत रविवारी पहाटे भिगवण असतं. आणि हे सगळं मोटरसायकलवर असतं. म्हणून वजन हा माझ्यासाठी पहिला प्रश्न आहे.

मिररलेस म्हणजे काय, ते आधी सांगतो. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असे. तो उजेड वर फेकायचा, म्हणून डोळा लावला की चित्र दिसायचं. फोटो घेताना आरसा उचलला जायचा. व्हिडिओत तर तो उचललेलाच राहायचा, म्हणून डोळ्याच्या खिडकीत अंधार. आरसा काढून टाकला की सेन्सरवर पडलेलं चित्र थेट पडद्यावर किंवा खिडकीत दिसतं. फोटो काळा येणार की पांढरा पडणार, हे बटण दाबायच्या आधीच कळतं. जागाही वाचते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सरचं अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, नव्या झेड माउंटचं १६ आहे. अशा लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची सुरुवात २००८ साली पॅनासॉनिकच्या जी-१ ने झाली.

पण बॉडी बारीक झाली म्हणून पिशवी हलकी होत नाही. पिशवीचं वजन ठरतं सेन्सर आणि लेन्सवर. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या रोलवरच्या फोटोएवढा. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. मायक्रो फोर थर्ड्‌स १७.३ बाय १३. सेन्सर मोठा तितका त्यावर उजेड जास्त, अंधारात चित्र स्वच्छ. पण लेन्सही तितकीच जड.

याचा अर्थ भिगवणच्या होडीत नीट कळतो. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, पण होडी जवळ नेली की उडतात. त्यांना लांबूनच टिपावं लागतं. फुल फ्रेमवर सोनीची २००-६०० लेन्स लावली तर नुसत्या लेन्सचं वजन २ किलोच्या वर. मायक्रो फोर थर्ड्‌सचा सेन्सर लहान, म्हणून त्यावर ऑलिंपसची ७५-३०० जवळजवळ तेवढाच लांबचा पल्ला देते आणि वजन ४२३ ग्रॅम. मात्र ती उजेड कमी घेते. सूर्य वर येईपर्यंत मला थांबावं लागतं, आणि मी थांबतो. ज्याला सूर्योदयाआधीच्या काळोखात पाखरं टिपायची आहेत, त्याने वजन उचलायची तयारी ठेवावी.

लग्नाचं गणित वेगळं. मंडपात उजेड अपुरा, गर्दी दाट. तिथे मला एपीएस-सी बरा वाटतो. सिग्माची १८-५० एफ २.८ जेमतेम ३०० ग्रॅमची आहे आणि सोनी, फुजीफिल्म, कॅनन या तिन्ही माउंटला मिळते. म्हणून सांगतो, आधी लेन्सचं घराणं पाहा. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स मात्र मागे राहतात. आपल्याला लागणाऱ्या दोन लेन्स त्या माउंटला, आपल्या पैशात मिळत नसतील तर बॉडी कितीही चांगली असो, सोडून द्यावी.

आपल्या भागाच्या आणखी दोन गोष्टी. जेजुरीत सोमवतीला भंडारा उधळतो, तेव्हा लेन्स बदलू नका. मिररलेसच्या सेन्सरपुढे आरशाचा आडोसा नाही. हळदीचा कण थेट आत बसतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत दिसतो. दुसरी गोष्ट विजेची. आपली वीज ५० हर्ट्‌झची. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमने घ्यावा, शटर १/५० ठेवावा. नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकतात.

फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने घेतला तर तासाला ४५ जीबी भरतात. कार्ड, हार्ड डिस्क, जादा बॅटरी आणि माइक यांचे पैसे आधी बाजूला काढावेत, उरलेल्यात कॅमेरा बसवावा.

माइकचं मी कळवळून सांगतो. सहा वर्षांपूर्वी एका लग्नघरी घाणा भरताना म्हाताऱ्या बायांनी जातं फिरवत ओव्या म्हटल्या. मी पाऊण तास शूट केलं. माइकची पिन अर्धवट बसली होती. त्या बॉडीला हेडफोनची जागा नव्हती, त्यामुळे मला ते रात्री घरी आल्यावर कळलं. चित्र सुंदर होतं, आवाज काहीच नव्हता. त्यातल्या दोघी आता नाहीत.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या कामाचं मोल मला त्या रात्री कळलं.

चार दिवसांनी मुलगी वही घेऊन आली. शेताचे, शेळ्यांचे फोटो होते. पण सोळा नोंदींपैकी नऊ आजीच्या. पहाटे पाच, माजघर, जात्यावर.

मग निवड सोपी झाली. तिच्या पैशात दोन नावं बसत होती. कॅननच्या आर-५० ला डोळ्याची खिडकी आहे, हेडफोनची जागा नाही. सोनीच्या झेडव्ही-ई-१० ला हेडफोनची जागा आहे, खिडकी नाही. दुपारी शेतात उभं राहून काम करायचं असतं तर मी खिडकी घ्यायला लावली असती, कारण आपल्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. पण माजघरात पहाटे पडदा स्वच्छ दिसतो. झेडव्ही-ई-१० च्या बॉडीत थरथर थोपवणारी यंत्रणा नाही, पण आजी एका जागी बसते. साधा ट्रायपॉड पुरतो. अंधारासाठी सिग्माची ३० एफ १.४ घेतली. उरलेल्या पैशांत माइक आला.

दिवाळीनंतर ती आली आणि हेडफोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. जात्याची घरघर, त्यावर आजीचा सूर आणि दोन ओव्यांच्या मध्ये तिने घेतलेला श्वास, तिन्ही वेगळे ऐकू येत होते.