दुधाचा दर आणि आणंदची शाळा

कच्चा माल जितका स्वस्त पडेल तितका नफा जास्त, हे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात. हाच नियम दूध संघाला लावून पाहा. तिथे कच्चा माल म्हणजे दूध, आणि डेअरीत दूध घालणारा सभासदच संघाचा मालक. त्याचा दर पाडून नफा कमवायचा, तो कोणासाठी? सहकारात दुधाचा दर हा वाचवायचा खर्च नव्हे. तो चांगला मिळावा म्हणूनच तर संघ काढलेला असतो.

हा फरक जाणणारे व्यवस्थापक घडावेत म्हणून डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी १९७९ साली गुजरातेत आणंदला 'इर्मा' ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली. त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेला खेडा जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे अमूल, याच गावचा. १९७० पासून 'ऑपरेशन फ्लड'मध्ये राज्योराज्यी तसे संघ उभे राहू लागले आणि ते चालवायला जाणती माणसं कमी पडू लागली. जवळच अहमदाबादला १९६१ पासून आयआयएम होती. हार्वर्डच्या साहाय्याने ती घडली, तिथली केस-पद्धतही तिने घेतली. पण आयआयएमच्या पदवीधरांना ओढ होती ती मोठ्या कंपन्यांची.

इर्मातही हिशोब, विपणन, संख्याशास्त्र आहेच. मला मोलाचा वाटतो तो गावातला मुक्काम. विद्यार्थी काही आठवडे खेड्यात राहतो. सकाळ-संध्याकाळच्या दूध संकलनाला जाऊन उभा राहिला, तर फॅट कशी लागते आणि दर कसा ठरतो, हे त्याला समोर दिसतं. धार काढणारी बाई, पण सभासदत्व नवऱ्याच्या नावावर, हे कोष्टकात सापडत नाही. आणि ज्याच्याकडे जनावरच नाही, तो त्या रांगेत नसतोच. त्याला शोधायला वस्तीवर जावं लागतं.

इथलेही कित्येक पदवीधर पुढे बँकांत, खासगी कंपन्यांत गेले. तरी देशातल्या दूध संघांना आणि स्वयंसेवी संस्थांना या संस्थेने माणसं दिली, हे काम मी मोठं मानतो.

२०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने इर्माचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. आता अभ्यासक्रम नव्याने आखले जातील. ते आखणाऱ्यांना एकच विनंती: काहीही बदला, पण गावातल्या मुक्कामाचा एक दिवसही कमी करू नका.