जात्यावर बसल्याशिवाय ओवी नाही

‘आजी, तुझ्या आयुष्यातून आम्ही काय शिकावं?’

हा प्रश्न चुकूनही विचारू नका. मी विचारला होता. कॉलेजच्या असाइनमेंटसाठी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले, मोबाइलचा रेकॉर्डर सुरू केला आणि आजीसमोर बसले. आजीने पदर नीट केला, मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाली, ‘शिका, मोठे व्हा.’ संपलं! अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. रेंज नव्हती, म्हणून मीही बसले. अर्ध्या तासानं ती आपणहून बोलायला लागली. १९७२चा दुष्काळ, नवं लग्न, दिवसभर खडी फोडायचं काम आणि वाटपात मिळणारी सुकडी. ‘सासूबाई रोज म्हणायच्या, माझं झालंय जेवून. मला खरंच वाटायचं. लई उशिरा कळलं. म्हणून सांगते, बाई जेवले म्हणाली, की तिच्या ताटाकडं बघावं.’

बघा, हे कालच्या प्रश्नाला कधीच आलं नसतं.

आपल्याकडे म्हणतातच, जात्यावर बसलं की ओवी सुचते. पहाटे दळताना बायका माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास सगळं गायच्या. घरात तोंड उघडायची सोय नव्हती, पण जात्यापाशी मन मोकळं करता यायचं. शेजारी बसलेली लेक ऐकत ऐकत शिकायची. लेक्चर नाही, नोट्स नाहीत. मग गावात पिठाची गिरणी आली. पाठीवरचं ओझं उतरलं, ते चांगलंच झालं. पण ओवी शिकण्याची जागाही गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. एकदा ऐका. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. आपल्या आज्या फक्त ‘संस्कार’ सांगत होत्या, हा गैरसमज तिथेच दूर होईल.

मी आजीला म्हटलं, ‘तुझ्या आईची एखादी ओवी म्हण ना.’ तिने सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकली. ‘ऱ्हायलं बाई,’ म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली. ती ओवी आता कोणालाच येत नाही. मी पाच वर्षं आधी विचारलं असतं तर?

तर मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत एवढंच करा. आजी-आजोबांचं एखादं काम हातात घ्या. भाजी निवडा, सायकल पुसा, त्यांच्याबरोबर बँकेत पासबुक भरायला जा. ‘काय शिकावं’ विचारू नका, ‘तेव्हा तू काय केलंस?’ असं विचारा. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. त्यांचं सगळंच पटेल असं नाही. ‘मुलीच्या जातीनं...’ सुरू झालं की मीही भांडते. भांडा, पण उठून जाऊ नका.

आणि हो, परवा रात्री आई म्हणाली, ‘तुम्ही घ्या, माझं झालंय.’ मी तिच्या ताटाकडे बघितलं. एक पोळी वाढली. तिने गुपचूप खाल्ली.