खंडानंतर महाविद्यालयात परतणारे प्रौढ विद्यार्थी आणि त्यांच्यासाठीची आधारव्यवस्था : सावर्डे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

उच्च शिक्षणातील विद्यार्थी म्हटला की अठरा ते तेवीस या वयोगटातील तरुण डोळ्यांसमोर येतो. उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणीचे प्रमाणही याच वयोगटाच्या लोकसंख्येशी ताडून काढले जाते. चौतीस वर्षांची एखादी गृहिणी प्रथम वर्ष कला वर्गात नाव नोंदविते, तेव्हा त्या आकड्यात एकाची भर पडते. परंतु तिचे वय, तिच्या शिक्षणात पडलेला खंड आणि तो का पडला हे त्या आकड्यातून कळत नाही. महाविद्यालयाचे वेळापत्रक, शुल्काचे हप्ते, प्रवेश अर्जातील रकाने हे सारे बारावीनंतर थेट आलेल्या मुलामुलींना गृहीत धरून आखलेले असते. खंडानंतर परतणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यास कोणता आधार लागतो आणि त्यापैकी किती महाविद्यालयाच्या हाती आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे मुंबई-गोवा महामार्गावरील व कोकण रेल्वेमार्गावरील गाव. गोविंदराव निकम यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे शालेय शिक्षणापासून औषधनिर्माणशास्त्र व चित्रकलेपर्यंतचे शिक्षण येथे उपलब्ध झाले. जवळच डेरवण येथे वालावलकर रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिक्षण दाराशी आलेल्या अशा परिसरातही ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले, अशी एक पिढी वाड्यावाड्यांतून आहे. दहावी-बारावीनंतर लग्न होऊन आलेल्या स्त्रिया, मुंबईत काही वर्षे नोकरी करून गावी परतलेले पुरुष, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, रुग्णालयातील व कारखान्यांतील कर्मचारी असे त्यांचे स्वरूप आहे. यांपैकी अनेकांना पदवी हवी असते ती बढतीसाठी. राज्यात २०२३ पासून अंगणवाडी सेविकेच्या नव्या नेमणुकीस किमान बारावी उत्तीर्ण असण्याची अट आहे आणि मुख्यसेविकेच्या पदास पदवी लागते. ज्या सेविकेने गावातील मुलांची वजने घेण्यात वीस वर्षे घालविली, तिच्यापुढे पदवीचा प्रश्न हौसेचा राहत नाही.

पूर्वपरंपरा

प्रौढ वयात शिकणे ही या जिल्ह्यास नवी गोष्ट नव्हे. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले (जन्म १८७०) विसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी मुलगा होता. त्यांच्या भगिनी बाया कर्वे वैधव्यानंतर पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. पार्वतीबाईंचे खरे शिक्षण पंचविशीच्या आसपास पुण्यात सुरू झाले. पुढे त्या हिंगण्याच्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या आणि १९१८ मध्ये, अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. हे उदाहरण जिद्दीची कथा म्हणून सांगण्याची पद्धत आहे. जिद्द होतीच, परंतु जिद्दीबरोबर राहण्याची जागा होती, जेवणाची सोय होती आणि 'आता या वयात कशाला' असे न विचारणारी माणसे होती. मूळचे मुरूडचे असलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाचे वैशिष्ट्य असे की, विद्यार्थिनीच्या अडचणीचे स्वरूप पाहून संस्थेने आपले स्वरूप ठरविले.

हेच सूत्र मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयातही दिसते. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये हे महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळच्या वेळेत ठेवण्यात आले. नोकरी करणाऱ्याने दिवसा कचेरीत जावे आणि त्यापूर्वी शिकावे, असा त्यामागील विचार होता. नोकरी सोडून शिका, असे त्या विद्यार्थ्यास सांगणे म्हणजे शिकू नका असे सांगणेच होते.

पुढे मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. स्वयंअध्ययनाची पुस्तके, अभ्यासकेंद्रे, सुटीच्या दिवशीची संपर्कसत्रे आणि 'समंत्रक' ही संज्ञा या विद्यापीठाने मराठी शिक्षणव्यवहारात रुजविली. तथापि ही अभ्यासकेंद्रे बहुतांशी पारंपरिक महाविद्यालयांतच चालतात आणि समंत्रकही तेथील प्राध्यापकच असतात. दूरस्थ विद्यार्थी ही दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी आहे, हा समज म्हणूनच टिकणारा नाही.

अडथळ्यांचे स्वरूप

के. पॅट्रिशिया क्रॉस या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रौढांच्या शिक्षणातील अडथळ्यांचे परिस्थितिजन्य, संस्थाजन्य आणि मनोवृत्तिजन्य असे तीन प्रकार मानले आहेत. घर, पैसा, वेळ हे पहिल्यात. नियम व कार्यपद्धती दुसऱ्यात. 'मला आता जमणार नाही' ही भावना तिसऱ्यात. गैरहजर राहू लागलेल्या प्रौढ विद्यार्थ्याविषयी शिक्षकवर्गात सामान्यतः तिसऱ्या प्रकाराची कारणे सांगितली जातात. प्रत्यक्षात संस्थाजन्य अडथळाच पुष्कळदा मनोवृत्तीचे रूप घेतो. प्रवेशखिडकीवरून तिसऱ्यांदा परत पाठविलेली स्त्री चौथ्यांदा येत नाही आणि तिला 'इच्छा नव्हती' अशी नोंद आपोआप होते.

नाव आणि कागदपत्रे

मराठी घरातील विवाहितेच्या नावात वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते आणि कित्येक घरांत मूळ नावही बदलते. गुणपत्रिकेवर माहेरचे संपूर्ण नाव, आधारपत्रावर सासरचे संपूर्ण नाव, अशा वेळी कागदोपत्री त्या दोन भिन्न व्यक्ती ठरतात. शैक्षणिक क्रेडिट बँकेचे खाते डिजिलॉकरमार्फत आधारशी जोडलेले असल्याने आता ही विसंगती प्रवेशाच्या पहिल्याच टप्प्यावर अडते. विवाहनोंदणी प्रमाणपत्र असल्यास मार्ग निघतो. परंतु पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अनेक विवाहांची नोंदच झालेली नसते. अशा वेळी ग्रामपंचायतीत नोंदणी, आवश्यक तेथे राजपत्रातील नामबदल, खंडाचे प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला अशी साखळी सुरू होते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहरातील घरोघरीच्या कागदपत्रांचे जे झाले, त्याने या साखळीत आणखी एक कडी वाढविली. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत काढायची, तर रत्नागिरीत कोकण विभागीय मंडळ होण्यापूर्वी जिल्ह्याच्या परीक्षा कोल्हापूर विभागीय मंडळाकडे होत्या, हेही ठाऊक असावे लागते.

या सर्वांची माहिती असलेली एक व्यक्ती महाविद्यालयाच्या कार्यालयात असणे आणि कोणता कागद कोठे, कोणत्या क्रमाने मिळतो हे एका पानावर लिहून विद्यार्थ्याच्या हाती देणे, यास फारसा खर्च येत नाही. ज्यांच्याजवळ सर्व कागद नाहीत त्यांना नियमांत बसेल तेथे तात्पुरता प्रवेश देऊन मुदत देता येते. शिष्यवृत्तीच्या चर्चेपेक्षा हे काम क्षुल्लक वाटते. पण शिष्यवृत्तीचा अर्जही याच नावावर अडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविध प्रवेश व निर्गमनाची तरतूद केली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि पुढे परतण्याची मुभा. या तरतुदीने प्रश्न सुटला असे मानण्याची घाई होऊ नये. २०२१ च्या विनियमांनुसार क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. विसाव्या वर्षी लग्नामुळे शिक्षण सोडलेली मुलगी, धाकटे अपत्य शाळेत जाऊ लागल्यावर, चौतिसाव्या वर्षी परतते. तिच्या खंडाची लांबी या मुदतीच्या दुप्पट आहे. शिवाय वार्षिक परीक्षा पद्धतीत शिकलेल्यांच्या खात्यावर क्रेडिट मुळातच नाहीत. कागदावरील लवचीकता आणि कोकणातील स्त्रीचे आयुष्य यांचे मोजमाप जुळत नाही.

शेतीचे पंचांग आणि परीक्षेचे पंचांग

प्रवेशाचा काळ जून-जुलै, भाताच्या लावणीचाही तोच. पहिल्या सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा कापणी व झोडणी. दुसऱ्या सत्राच्या परीक्षा आंबा-काजूच्या हंगामात. मध्ये गणपती व शिमगा, म्हणजे मुंबईकरांनी घर भरलेले. पुरुष मुंबईत असलेल्या घरात हे सर्व एकट्या बाईच्या अंगावर असते. विद्यापीठाच्या परीक्षेच्या तारखा महाविद्यालय बदलू शकत नाही. अंतर्गत चाचणी, प्रकल्प व गृहपाठ यांच्या तारखा मात्र बदलू शकते. गणेशोत्सवाच्या आदल्या आठवड्यात चाचणी ठेवणे हा कोणाचा नाइलाज नसून केवळ सवयीचा भाग असतो. नियमित प्रवेशास ७५ टक्के उपस्थितीची अट असल्यामुळे प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याची दिनचर्या विचारून त्यास नियमित की दूरस्थ हा पर्याय समजावून सांगणेही आवश्यक ठरते. संपर्कसत्राची वेळ ठरविताना आडगावच्या एसटीची वेळ पाहावी. शेवटची गाडी पाचची असेल, तर साडेचारनंतरचे व्याख्यान फक्त सावर्डे येथे राहणाऱ्यांसाठीच उरते.

पहिले लेखन

प्रौढ विद्यार्थी बोलण्यात कमी नसतो. बचतगटाचे हिशेब ठेवणारी, ग्रामसभेत प्रश्न विचारणारी स्त्री 'ग्रामीण विकास' या विषयावर वर्गात शिक्षकापेक्षा नेमके बोलू शकते. अडते ते तीन तास सलग लिहिण्यापाशी. पंधरा वर्षांत सहीपलीकडे हाताला पेनाची सवय राहिलेली नसते, पुस्तकी परिभाषा परकी वाटते. पहिल्या गृहपाठावर 'असमाधानकारक' असा शेरा मारण्याऐवजी तिने सांगितलेला अनुभव तिच्याच शब्दांत एका पानावर लिहून घेणे, पुढच्या वेळी त्यात पाठ्यपुस्तकातील दोन संज्ञा बसविण्यास सांगणे, असा क्रम फलदायी ठरतो. लागोपाठ दोन संपर्कसत्रे चुकल्यास समंत्रकाने स्वतः दूरध्वनी करावा. कारकुनामार्फत पाठविलेल्या सूचनेने विद्यार्थी परत येत नाही. आणि परीक्षेपूर्वीच्या एखाद्या रविवारी, मुलाला बरोबर आणण्याची मुभा ठेवून, जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्यावी. त्या दिवशी उत्तरे तपासली नाहीत तरी चालेल. तीन तास एका जागी बसून लिहून झाले, एवढेच त्या दिवसापुरते पाहावे.