सायकल घरच्या घरी – भाग ८ : ब्रेक दाबला, पण सायकल थांबेना

गेल्या आठवड्यात आपण चेनला तेल दिलं. त्यातले दोन-चार थेंब मागच्या रिमवर उडाले असतील, तर आजचा विषय तुमच्या घरी आधीच पोचलाय.

ब्रेक लागेनासा झाला की बहुतेक जण पहिल्यांदा वायर ताणतात. कधीकधी तेवढ्यानं भागतंही. पण पाना हातात घेण्याआधी सायकल जागेवर उभी करा, लिव्हर दाबा आणि हाताला काय जाणवतं ते बघा. लिव्हर सहज जाऊन मुठीला टेकतेय? मग वायर सैल आहे किंवा रबर झिजलेत. लिव्हर अर्ध्यावर घट्ट थांबते, रबर रिमला बसतात, तरी सायकल पळतच राहते? मग वायर बिचारी निर्दोष आहे. घोटाळा रबर आणि रिम यांच्यामध्ये आहे, आणि तिथे वायर कितीही ताणली तरी फक्त बोटं दुखतील.

पहिलं दुखणं सोपं. आधी रबर बघा. त्यावरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर नवे घाला. झिजलेल्या रबरावर वायर ताणत राहिलात तर एक दिवस आतली पट्टी रिम खरवडायला लागेल. रबर ठीक असतील तर वायर जिथून आत शिरते तिथला गोल स्क्रू थोडा बाहेर काढा आणि त्याचं चाकीनट आवळा. रबर आणि रिममध्ये दोन्हीकडे एक-दोन मिलिमीटर फट पुरे. त्यासाठी चाक मात्र आऊट नको, नाहीतर रबर एका जागी घासेल आणि दुसऱ्या जागी टेकणारच नाही.

लिव्हर जड झाली असेल, सोडल्यावर आळसावून परत येत असेल, तर वायर ब्रेककडच्या टोकाला सोडवा आणि हातानं पुढेमागे ओढून बघा. आत खरखर लागली तर गंज चढलाय. तेल घालून चार दिवस ढकलता येतात. त्यापेक्षा वायर आणि तिचं बाहेरचं आवरण दोन्ही बदला. आवरण ब्रेकचंच मागा. गिअरच्या आवरणात तारा उभ्या असतात, जोरात ब्रेक दाबला की ते फाटू शकतं.

आता दुसरं दुखणं. रिमवर तेल असेल तर भांड्यांच्या साबणानं धुवा, सुकवा. रबर आरशासारखे गुळगुळीत झाले असतील तर पॉलिश पेपरवर घासून त्यांची चकाकी घालवा. त्यात रुतलेले वाळूचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे कण सुईनं टोकरून काढा. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि ब्रेक नवा घातल्यासारखा वाटतो.

पावसाचं मात्र वेगळं. माझी पहिली सायकल दांड्यांच्या ब्रेकची, काळी. वायरऐवजी लोखंडी दांड्या आणि रिमला आतल्या बाजूनं भिडणारे रबर. उन्हाळ्यात ब्रेक बरा चाले. पहिल्या पावसात गल्लीचा उतार उतरताना मी लिव्हर मुठीत आवळून धरली होती आणि थांबलो ते चप्पल घासून. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं! क्रोम चढवलेली लोखंडी रिम ओली झाली की रबर तिच्यावर नुसता घसरतो. रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत चाकाचे अनेक फेरे होतात, मग कुठे ब्रेक जरा धरतो. म्हणून एके काळी अशा रिमसाठी चामडं लावलेले गुटके मिळत. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर हा त्रास खूप कमी होतो. तुमची रिम लोखंडी असेल तर पावसात लांबूनच ब्रेक हलका धरून रिम पुसत यायचं.

एक दोष असा, की तो सहज सापडत नाही. व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढणारी लिव्हर लागते, साध्या चिमटा ब्रेकला कमी ओढणारी. मोडलेल्या लिव्हरच्या जागी मिळेल ती बसवली की जोडी चुकते. चिमट्याला व्ही-ब्रेकची लिव्हर दिली तर ती दगडासारखी घट्ट लागते, पण सायकल थांबत नाही. उलट जोडी जमवली तर लिव्हर मुठीला टेकते. अशा वेळी रबर, वायर, रिम सगळं बदलून झालं तरी फरक पडत नाही.

आणि कितीतरी सायकलींचा पुढचा ब्रेक मुद्दाम सैल ठेवलेला असतो, ‘तोंडावर पडू’ या भीतीनं. ब्रेक लागताना सगळं वजन पुढे येतं, त्यामुळे खरं थांबवतं ते पुढचंच चाक. मागचं हलकं होऊन घसरतं. तेव्हा दुरुस्ती झाली की सायकलवर बसू नका. शेजारून चालत पुढचा ब्रेक दाबा: मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. मग मागचा दाबा: चाक फिरायचं थांबून फरफटत आलं पाहिजे.